काचेच्या पेटीतलं ऊन



विषय वाचून एकदोघांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "सर, जन्मभर कांट आणि शंकराचार्य शिकवलेत, आणि आता हे कासवांच्या दिव्याचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देतो. दुसऱ्या जिवाला काय हवं आहे हे आपल्याला कसं कळतं, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. वर्गात तो फार अमूर्त वाटतो. पण काचेच्या पेटीत एक कासव ठेवलं, वर दिवा लावला आणि विचारलं की "बाबा रे, तुला एवढी ऊब पुरे का?", की तोच प्रश्न अगदी अंगावर येतो. कासव बोलत नाही, ओरडत नाही, शेपूट हलवत नाही. आपण चुकलो तरी महिनोन्‌महिने तक्रार करत नाही, आणि एक दिवस मरून जातं. म्हणून आजचा विषय: पाळलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांची पेटी, तिच्यातली उष्णता, आणि ती कशी राखायची.

सुरुवात शब्दापासून करू, कारण निम्मा घोटाळा शब्दानं केलाय. शाळेत आपण शिकलो, "सरपटणारे प्राणी शीतरक्ती असतात." ऐकणाऱ्याला वाटतं, यांचं रक्त थंड असतं, म्हणजे यांना थंडच आवडत असणार. प्रत्यक्षात सकाळी दहा वाजता कंपाउंडच्या भिंतीवर बसलेल्या सरड्याचं रक्त तुमच्या-माझ्या रक्ताइतकं गरम असू शकतं. फरक एवढाच, की आपण उष्णता शरीरात तयार करतो आणि तो ती बाहेरून घेतो. आपली भाकरी आपल्या पोटात जळते आणि आपल्याला ३७ अंशांवर ठेवते. त्याची चूल बाहेर आहे, आकाशात.

आपल्या बोलीभाषेला हे शास्त्राच्या पुस्तकापेक्षा चांगलं कळलेलं आहे. आपण काय म्हणतो? सरडा ऊन खातोय. थंडीच्या दिवसांत सांगलीकडे कृष्णेच्या काठाला मगरी वाळूवर येऊन पडतात, लोक त्यांना सुसरीच म्हणतात, त्या काय करतात? ऊन खातात. ऊन 'खातात' हा शब्दप्रयोग अगदी नेमका आहे. आपल्याला जसं अन्न, तसं त्यांना ऊन. आणि दोन्ही मिळाल्याशिवाय भागत नाही. नुसतं अन्न मिळालं आणि ऊन मिळालं नाही, तर ते अन्न पचणारच नाही.

आता जरा बारकाईनं बघा. तो सरडा दिवसभर उन्हातच बसतो का? नाही. सकाळी अंग चपटं करून उन्हाला आडवा होतो. तापला की उठतो, किडे धरतो. दुपारी सावलीत जातो, फटीत शिरतो. ढग आले की परत बाहेर. १९४४ मध्ये रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी वाळवंटातल्या सरड्या-सापांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. त्यांनी दाखवून दिलं, की हे प्राणी उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात ये-जा करून आपलं अंग बऱ्यापैकी ठरलेल्या तापमानाच्या पट्ट्यात ठेवतात. म्हणजे उष्णता राखण्याचं यंत्र त्यांच्यात आहेच. ते त्यांच्या पायांत आहे, आणि सापाच्या बाबतीत पोटाखालच्या खवल्यांत. तिथून उठून इथं येणं, हेच त्यांचं यंत्र.

हा मुद्दा मनात पक्का ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

ही उष्णता शरीरात नेमकं करते काय? तीन गोष्टी सांगतो.

पहिली, पचन. शरीरातल्या रासायनिक क्रिया साधारण दहा अंश वाढले की दुप्पट-तिप्पट वेगानं होतात, आणि दहा अंश उतरले की तेवढ्याच मंदावतात. अजगरानं उंदीर गिळला आणि त्याला ऊब मिळाली नाही, तर तो उंदीर पोटात पचण्याऐवजी कुजायला लागतो. मग अजगर तो उलटून टाकतो. मालक म्हणतो, "खाणं मानवलं नाही." खाणं चांगलंच होतं, चूल पेटलेली नव्हती.

दुसरी गोष्ट, आजार. हा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याला जंतुसंसर्ग झाला की ताप येतो. ज्याच्या अंगात चूलच नाही त्याला ताप येणार कसा? १९७० च्या दशकात मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वाळवंटी इग्वानांना जंतू टोचले आणि एका बाजूला गरम, दुसऱ्या बाजूला थंड अशा जागेत सोडलं. आजारी इग्वाना आपण होऊन जास्त गरम जागी जाऊन बसले आणि त्यांनी आपलं अंग नेहमीपेक्षा सुमारे दोन अंशांनी वाढवलं. चालत जाऊन त्यांनी ताप आणला! १९७५ मध्ये पुढचा भाग छापून आला. जंतू टोचलेल्या इग्वानांना वेगवेगळ्या ठराविक तापमानांत ठेवलं, आणि ज्यांना तापाइतकी ऊब मिळाली त्यांतले कितीतरी जास्त जगले. ज्यांना कमी तापमानात अडकवून ठेवलं ते मेले. याचा अर्थ लक्षात घ्या. निरोगी असताना जे तापमान 'बरोबर' होतं, तेच आजारात घातक ठरलं. बरोबर आकडा प्राण्याच्या गरजेप्रमाणे बदलतो, आणि कधी बदलला हे फक्त त्या प्राण्याला ठाऊक असतं.

तिसरी गोष्ट तर आपल्याकडच्या किनाऱ्यावरची आहे. संतवाङ्मयात कासवीचा दाखला वारंवार येतो: कासवी पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेनं पोसते. माउलीच्या कृपादृष्टीसाठी इतकी सुंदर उपमा दुसरी नाही. समुद्री कासवी प्रत्यक्षात वाळूत खड्डा करते, अंडी घालते आणि परत समुद्रात निघून जाते. पुढं पिलांना सांभाळते ती वाळूची ऊब. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं वेळास तुम्ही ऐकलं असेल. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, आणि आता गावकरी ते काम करतात. त्या वाळूच्या तापमानावर केवळ पिल्लू केव्हा बाहेर येणार एवढंच ठरत नाही. ते नर होणार की मादी, हेही ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या आसपास एक सीमारेषा असते. वाळू तिच्याहून गरम राहिली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर जास्त. सगळ्या सरपटणाऱ्या प्राण्यांत असं नसतं, सापांत नसतं. पण अनेक कासवांत आणि सगळ्या मगरींत असतं. मादलेन शार्निये या संशोधिकेनं १९६६ मध्ये एका सरड्यात हे प्रथम नोंदवलं.

म्हणजे पचन, रोगाशी लढणं आणि काहींच्या बाबतीत तर नर की मादी, हे सगळं उष्णतेच्या हातात आहे. आपण मात्र तिला 'सोय' समजतो. पंखा लावला, हीटर लावला, तसाच तो एक दिवा. इथंच चूक होते.

आता पेटीकडे येऊ. दोन फूट काच, चार बाजूंनी भिंती. आपण त्या प्राण्याला अन्न देतो, पाणी देतो, शत्रूपासून वाचवतो. काढून काय घेतो? त्याचं चालणं काढून घेतो. आणि त्याच्या अंगातलं उष्णतेचं यंत्र हे चालणंच होतं. पेटीतलं सगळं तापमान एकसारखं असेल, तर तो कितीही फिरला तरी त्या फिरण्याला अर्थ राहत नाही.

आपल्याजवळचं उदाहरण देतो, आणि कुणाच्या श्रद्धेला उणं आणण्यासाठी देत नाही. सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा नागपंचमीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. पूर्वी तिथं सणाच्या आधी नाग पकडून मडक्यांत ठेवत, सणाला पुजत आणि नंतर परत सोडून देत. पकडणारे लोक कसबी होते, नागावर त्यांचा जीवही होता. वन्यजीव संरक्षण कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांनंतर हे बदललं, मिरवणुकीत नागाच्या प्रतिमा आल्या. कायद्याची बाजू बाजूला ठेवा आणि नुसत्या मडक्याचा विचार करा. मडक्यात नागाला मारत नव्हते, उपाशी ठेवलं तरी नाग काही दिवस सहज राहतो. पण मडकं आतून सगळीकडे सारखंच असतं. गार असलं तर सगळं गार, तापलं तर सगळं तापलेलं. तिथं नागाला करण्यासारखं काहीच उरत नाही. आणि आपल्या दिवाणखान्यातली महागडी काचेची पेटी? दिव्याखाली सगळी एकसारखी तापत असेल तर तिच्यात आणि मडक्यात फरक फक्त एवढाच, की हिच्यातलं दिसतं.

जर्मन जीवशास्त्रज्ञ याकोब फॉन उक्सक्युल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक विचार मांडला. प्रत्येक प्राणी आपल्या-आपल्या जगात राहतो. एकाच खोलीत माणसाचं जग वेगळं, कुत्र्याचं वेगळं, माशीचं वेगळं. कासवाच्या जगात सगळ्यात मोठी गोष्ट कुठली असेल? मला वाटतं, कुठं ऊन आहे आणि कुठं सावली. आपल्याला पेटीत हिरवं प्लॅस्टिकचं झाड दिसतं, रंगीत खडे दिसतात. त्याला गरम आणि गार दिसतं. म्हणून माझं आजचं एकच सांगणं आहे: पाळणाऱ्यानं प्राण्याला तापमान द्यायचं नसतं, तापमानाची निवड द्यायची असते. एक टोक गरम, एक टोक गार, मधे उतरता क्रम, आणि दोन्ही टोकांना लपायला जागा. मग कुठं बसायचं ते तो ठरवेल. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आता प्रत्यक्ष. कोल्हापुरात, पुण्यात, कुठंही, घराघरांत सर्वांत जास्त आढळणारा सरपटणारा प्राणी म्हणजे लाल कानाचं कासव, रेड-इअर्ड स्लायडर. मूळ अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. फिश टँकच्या दुकानात नाण्याएवढं पिल्लू मिळतं. लोक ते माशासारखं पाण्यात सोडतात आणि विसरतात. हा मासा नाही! त्याला पाण्यातून पूर्ण बाहेर येऊन, अंग कोरडं करून ऊन खाता आलं पाहिजे. बसायला घट्ट, उताराची, कोरडी जागा हवी. तिच्यावर वरून दिवा. त्या जागेचं तापमान साधारण ३२ ते ३५ अंश, आणि पाण्याचं साधारण २४ ते २६. यातला फरक महत्त्वाचा आहे. काही जण पाण्यातला हीटर वाढवून पाणीच ३० अंशांवर नेतात. मग कासवाला बाहेर यायचं कारणच उरत नाही. ते सतत ओलं राहतं, कवचाला बुरशी येते. पाण्यातल्या हीटरला जाळीचं किंवा प्लॅस्टिकचं आवरण हवं, कारण मोठं कासव काच फोडतं. आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे मी प्राध्यापक म्हणून नाही, घरातला वडीलधारा म्हणून सांगतो.

दिवा म्हणजे नुसती उष्णता नव्हे. उन्हात अतिनील किरण असतात, त्यांतल्या यूव्हीबी भागामुळे कातडीत 'ड' जीवनसत्त्व तयार व्हायला सुरुवात होते. 'सुरुवात' म्हणतो, कारण किरणांनी जे बनतं त्याचं पुढं 'ड' जीवनसत्त्व व्हायला पुन्हा उष्णताच लागते. प्रकाश एकीकडे आणि ऊब दुसरीकडे ठेवली तर काम अर्धवट होतं. सूर्य दोन्ही एकत्र देतो, आपणही एकाच जागी द्यायला हवं. 'ड' नाही तर कॅल्शियम अंगी लागत नाही. कवच मऊ पडतं, पाय वाकडे होतात. "आमची पेटी खिडकीत आहे, ऊन येतं की," असं लोक म्हणतात. साधी काच यूव्हीबी अडवते. काचेतून ऊब येते, पण ज्यासाठी ऊन हवं ते बाहेरच राहतं. यूव्हीबीची नळी सहा महिने ते वर्षभरात कमकुवत होते, आणि गंमत अशी, की डोळ्यांना ती तशीच लख्ख दिसते. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, विकत आणल्याची तारीख नळीवर लिहून ठेवा.

अजगर-इग्वानांसारखे परदेशी प्राणी ठेवणाऱ्यांसाठी थोडं. बॉल पायथनला गरम टोक साधारण ३१-३२ अंश आणि गार टोक २५-२६ लागतं. इग्वाना उन्हात बसणारा, त्याची बसायची जागा ३५ च्या आसपास आणि उंचावर. आकडे जातीप्रमाणे बदलतात. उतरता क्रम कुणाचाच चुकत नाही. 'गरम दगड' म्हणून एक वस्तू मिळते, आत तार असलेला नकली दगड. ती घेऊ नका. निसर्गात ऊन वरून येतं. दगडावर बसलेल्या प्राण्याला पोट भाजतंय हे वेळेवर उमगत नाही, आणि भाजून जखमा होतात. पेटीखालची गरम चटई वापरायची तर थर्मोस्टॅटला जोडूनच, आणि पेटीच्या तळाचा तिसरा हिस्साच तापेल अशी. उघडा दिवा प्राण्याच्या आवाक्यात नको, जाळी हवी.

आता थर्मोस्टॅट आणि तापमापक. इथं माझा जुना विषय जागा होतो. मापन कशाचं होतं? जिथं टोक आहे तिथलं. काचेवर चिकटवलेली पट्टी काचेचं तापमान सांगते. छताजवळचा काटा छताजवळच्या हवेचं सांगतो. प्राणी मात्र खाली, दिव्याखालच्या फळीवर बसलाय. तिघांचं सत्य वेगळं. म्हणून तीन जागी मोजा: ऊन खायच्या जागी, गार टोकाला, आणि पाण्यात किंवा लपायच्या जागेत. थर्मोस्टॅटचं टोक गरम जागी पक्कं बांधा. ते सरकून पाण्यात पडलं, तर थर्मोस्टॅट समजतो गार आहे, आणि दिवा पेटताच ठेवतो. यंत्र खोटं बोललं नाही, त्याला भलत्याच जागेची बातमी मिळाली.

आणि हात लावून बघणं? आपला हात ३२-३३ अंशांचा. २८ अंशांचं कासव हाताला गारच लागणार. "मला थंडी वाजते, तू स्वेटर घाल," असं आई म्हणते, त्यातला हा प्रकार. बरं, स्वेटरचाही उपयोग नाही. स्वेटर ऊब तयार करत नाही, अंगातली ऊब धरून ठेवतो. ज्याच्या अंगात चूल नाही त्याला गुंडाळून काय मिळणार?

यापुढचा मुद्दा आपल्या हवेचा. इंग्रजी पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली, त्यांना काळजी गारठ्याची. आपल्याकडे जास्त धोका उलट बाजूनं आहे. सरपटणाऱ्या प्राण्याला आवडणारं तापमान आणि त्याला मारणारं तापमान यांत अंतर फार थोडं असतं, काही अंशांचंच. खालच्या बाजूला मात्र खूप जागा असते. गारठ्यानं प्राणी आठवड्यांनी खंगतो. उष्म्यानं तासाभरात मरतो. एप्रिल-मेमध्ये कोल्हापूरचं तापमान चाळिशीकडे सरकतं. अशा दुपारी खिडकीतल्या उन्हात ठेवलेली काचेची पेटी म्हणजे भट्टी. म्हणून आपल्याकडे पेटी मांडताना आधी गार टोकाची सोय करा, मग दिव्याची. उन्हाळ्यात दिव्याची वेळ सकाळी लवकर न्या, दुपारी बंद ठेवा. आणि पेटी मोठी घ्या, कारण दीड फुटाच्या पेटीत गार टोक नावाची गोष्टच शिल्लक राहत नाही.

पावसाळा वेगळा. जून ते ऑगस्ट आपल्याकडे आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही. भिंतींना ओल येते. गारवा आणि दमटपणा एकत्र आले की या प्राण्यांना श्वसनाचे आजार होतात. नाकातून फेस, तोंड उघडं ठेवून श्वास, पोहताना कासवाचं एका बाजूला कलणं, ही लक्षणं दिसली की घरगुती उपाय थांबवा आणि पशुवैद्याकडे जा. हिवाळ्यात उलटा प्रकार: दिवा जास्त वेळ चालतो, हवा तापते आणि तीच हवा कोरडी पडते. साप कात टाकताना अडकतो. तेव्हा ओलसर लपायची जागा द्या.

आणि वीज गेली तर? पेटी गरम असतानाच थर्मोकोल किंवा गोधडीनं बाहेरून झाका, हवेला फट ठेवून. आता म्हणाल, मघाशी स्वेटर नको म्हणालात. बरोबर, पण इथं ऊब पेटीत आहे, ती धरून ठेवायची आहे. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका टोकाला ठेवता येते. मेणबत्ती नको. आणि सर्वांत महत्त्वाचं, वीज येऊन पेटी तापेपर्यंत खायला घालू नका. उपाशी राहिलं तर काही बिघडत नाही. पोटात कुजलं तर बिघडतं.

शेवटी कायद्याचं. आपले देशी साप, घोरपड, चांदण्यांच्या नक्षीचं स्टार कासव, हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत. ते घरात ठेवणं गुन्हा आहे, दिवा कितीही उत्तम असला तरी. ज्यांना साप बघायचे-शिकायचे आहेत त्यांच्यासाठी आपल्याच जिल्ह्यात चंदगड तालुक्यात ढोलगरवाडीला सर्पशाळा सुरू झाली. बाबूराव टक्केकर या शिक्षकाच्या प्रयत्नांतून ती उभी राहिली. बॉल पायथन, इग्वाना यांसारख्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या परदेशी जातींची नोंदणी कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनं आणि २०२४ च्या नियमांनी सक्तीची केली आहे. ती 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर होते.

इतकं पुरे. आता प्रश्न घेतो.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न: वास्तूसाठी, भरभराटीसाठी कासव ठेवावं असं म्हणतात. त्याबद्दल काय?

देवळात गाभाऱ्यासमोर आपण दगडी कासव ठेवतो. ते फार शहाणपणाचं आहे. गीतेत स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा आहे. त्यानं अवयव आत घ्यावेत तशी माणसानं इंद्रियं आवरावीत, हे देवापुढं जाताना आठवावं म्हणून ते तिथं आहे असं मी मानतो. दगडी किंवा पितळी कासव घरातही ठेवा. जिवंत कासवाला तुमच्या भरभराटीचं काम देऊ नका. वीस नखांच्या कासवानं पैशांचा पाऊस पडतो या समजुतीपायी तर किती कासवं पकडली गेली आणि किती माणसं फसली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच.

प्रश्न: रात्री दिवा चालू ठेवायचा का?

नाही. निसर्गात रात्र असते. दिवसरात्र एकच तापमान हीसुद्धा एक कैदच. रात्री थोडं उतरू द्या. फार गारठा असला तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर मिळतो, तो थर्मोस्टॅटवर लावा. लाल दिवा प्राण्याला दिसत नाही असं विकणारे सांगतात. अनेकांना तो दिसतो.

प्रश्न: आमच्याकडचं कासव मोठं झालंय, सांभाळणं होत नाही. रंकाळ्यात सोडलं तर चालेल का?

कृपा करून नको. हे कासव जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे. युरोपीय संघानं १९९७ मध्येच त्याची आयात बंद केली. ते आपल्या देशी कासवांच्या जागा आणि खाणं बळकावतं, रोगही पसरवतं. वन विभागाला किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला विचारा, किंवा ज्याच्याकडे मोठी टाकी आहे अशा माणसाकडे रीतसर सोपवा.

प्रश्न: मग सर, तुमच्या मते पाळूच नये का?

मी 'नये' म्हणणार नाही. आधी हिशोब करा असं म्हणेन. दुकानात नाण्याएवढं असलेलं ते पिल्लू ताटलीएवढं होतं आणि नीट ठेवलं तर वीस-तीस वर्षं जगतं. एवढी वर्षं रोज सकाळी कुणीतरी दिवा लावायचा, संध्याकाळी बंद करायचा, दर वर्षी नळी बदलायची, मे महिन्यातल्या दुपारी पेटी सावलीत सरकवायची. मुलानं हट्ट केला तेव्हा तो दहा वर्षांचा असतो. कासव अर्धवट वाढलेलं असताना तो शिकायला पुण्याला जातो, आणि दिवा आजी-आजोबांच्या अंगावर पडतो. मला सत्तरी ओलांडून काही वर्षं झाली. मी आज कासव आणलं तर ते माझ्यामागे उरणार, हे साधं गणित आहे. माझ्यानंतर त्याचा दिवा कोण लावणार, त्याचं नाव मला आज सांगता येत नाही, म्हणून मी आणत नाही. तुम्हाला ते नाव सांगता येत असेल, तर मोठी पेटी घ्या, दोन्ही टोकं नीट मांडा, आणि मग कासव आणा.

आज इतकंच.